बटवड्याची वाट

मुंबईहून वालावलला निघालेल्या पाकिटाला कुडाळपर्यंत फारशी अडचण येत नाही. पिनकोडचे सहा आकडे त्याला बरोबर आणून सोडतात. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातले. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पण पुढचं कोकण त्या आकड्यांत मावत नाही. कर्लीच्या काठाने विखुरलेल्या वाड्या, घरांना नंबर नाहीत, पाणंदींना नावं नाहीत. एका वाडीत एकाच आडनावाची घरं, त्यात नावंही सारखी. कितीतरी दारांना गणपतीपर्यंत कुलूप. अशा घराचं पत्र शेजारच्या कोणाला विचारून मार्गी लागेल, हे बटवडा करणाऱ्यालाच ठाऊक असतं. पावसात साकव ओलांडून एका पाकिटासाठी तासभर जातो.

हे काम खेडोपाडी करतात ते ग्रामीण डाक सेवक. देशात सुमारे 1 लाख 64 हजार पोस्टं आहेत, त्यांतली जवळपास 90 टक्के ग्रामीण भागात. त्यांचा मोठा भार या सेवकांवर, आणि तरीही ते खात्याचे नियमित कर्मचारी नाहीत. या सेवकांसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर 1 जुलै 2018 पासून बटवडा करणाऱ्या सेवकाचा महिन्याचा मूळ मोबदला रोजच्या चार तासांना 10,000 आणि पाच तासांना 12,000 रुपयांपासून सुरू होतो; त्यावर महागाई भत्ता. शाखा पोस्टमास्तराला तर पोस्टासाठी जागाही स्वतःच बघावी लागते. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. कोर्टाची नोटीस, पासपोर्ट, सगळं आता त्याच पिशवीतून येतं. वेग वाढवायचा तर वाड्यांपर्यंतच्या चालीचे तास आधी धरा. बटवड्याचं मोजमाप टपालाच्या संख्येवर ठेवलं, तर कोकणातला सेवक कायम कमीच काम करणारा ठरणार.

आणखी एक. सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. वाडीतलं कोणतं घर कोणाचं, हे त्या गुणपत्रिकेत नसतं. नव्या सेवकाला जुन्याबरोबर निदान महिनाभर फिरू द्यावं, आणि त्या महिन्याचा मोबदला दोघांनाही पूर्ण मिळावा.