भत्ता वेळीं मिळावा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्या शाळेच्या ओसरीवर पालकांची वर्दळ सुरू होते. मुलगा उत्तीर्ण झाल्याचा आनंद चेहऱ्यावर असतो, पण हातावर पेढा ठेवतां ठेवतांच आवाज खालीं येतो आणि प्रश्न होतो, "गुरुजी, पुढें शिकवावयाचें तर खर्च कसा निभावयाचा?" इतकीं वर्षें आम्ही या प्रश्नास एकच उत्तर देत आलों : "काळजी करूं नका, सरकारची शिष्यवृत्ति आहे." हें उत्तर खोटें नव्हतें, परंतु तें अपुरें होतें, हें आम्हांस एका विद्यार्थ्याच्या आईनें शिकविलें.

हा विद्यार्थी आमच्याच शाळेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. वडील हयात नव्हते. आई शेतमजुरी करी. शहरांतील एका महाविद्यालयांत त्यास प्रवेश मिळाला, फी माफ झाली, आणि निर्वाहभत्त्याचा अर्जहि मुदतींत भरला गेला. वसतिगृहांत जागा नव्हती, म्हणून तो आणखी तिघांबरोबर भाड्याच्या एका खोलींत राहूं लागला. पावसाळा संपला, दिवाळी झाली. भत्ता आला नाहीं. खाणावळवाल्यानें दोन महिने वाट पाहिली आणि मग डबा बंद केला. त्यास तरी दोष कसा द्यावा? नाताळाच्या सुमारास मुलगा गांवीं आला, तो परत गेलाच नाहीं. पुढच्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं भत्त्याची सबंध रक्कम त्याच्या खात्यांत जमा झाली. तेव्हां ती माउली शाळेंत आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरगं तर आता शिकत न्हाई. हे पैसे कोनाला परत करायचे?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

सरकारनें मदत नाकारली, असें येथें कोणास म्हणतां येणार नाहीं. पै न् पै दिली गेली. तरीहि एक मुलगा विद्येस मुकला. तेव्हांपासून आमचें मत असें बनलें आहे कीं, निर्वाहभत्त्याचें मोल रकमेंत जेवढें असतें, तेवढेंच तें तारखेंत असतें. फी ही सरकार व महाविद्यालय यांच्यामधील हिशेबाची बाब आहे. ती चार महिने थांबूं शकते. भूक मात्र थांबत नाहीं.

थोरांच्या चरित्रांतहि या गोष्टीची साक्ष सांपडते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस 1913 सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें, तें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन. तेथून ते लंडनास गेले. परंतु 1917 सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांस स्वदेशीं परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचेंहि साहाय्य झालें, आणि 1920 सालीं ते लंडनास पुन्हां गेले. एवढ्या तेजस्वी विद्यार्थ्याचीं तीन वर्षें अशीं गेलीं. मग सामान्य बुद्धीच्या, सामान्य धीराच्या मुलाचें काय होत असेल? पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतांना याच पुरुषानें अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठीं सरकारकडे पैशाची मागणी लावून धरली. सन 1944 मध्यें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली.

ती योजना बदलत बदलत आजवर आली आहे. सन 2021 मध्यें ठरलेल्या नियमांप्रमाणें तिच्या खर्चाचा 60 टक्के भार केंद्र सरकार व 40 टक्के भार राज्य सरकार उचलतें. राज्यानें आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या, आधारशीं जोडलेल्या, बँकेच्या खात्यांत परस्पर जमा होतो. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांहून अधिक नसावें, अशी अट आहे. साध्या पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या व वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास या नियमांनीं वर्षाचा भत्ता 6,000 रुपये ठरविला. घरून येजा करणाऱ्यास 3,000. सहा हजारांस बारांनीं भागिलें तर महिन्यास पांचशें रुपये पडतात. एवढ्यांत शहरांत दोन वेळचें जेवण मिळतें काय, हें पालकांनींच ठरवावें.

ही उणीव ओळखूनच महाराष्ट्र सरकारनें स्वाधार योजना काढिली. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं ती आहे. मुंबई, पुणें, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षास 60,000 रुपये द्यावयाचे, असें तींत ठरलें : भोजनास 32,000, निवासास 20,000 व निर्वाहास 8,000. ज्यानें हा हिशेब मांडला त्यास गरीब विद्यार्थ्याचें जिणें ठाऊक होतें, यांत शंका नाहीं. मग आमचें म्हणणें एवढेंच कीं, जेवण रोज लागतें आणि भाडें दरमहा द्यावें लागतें, तर भत्ताहि दरमहा मिळावा. निदान पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच हातीं पडावा. नोकरदाराचा पगार चार महिने अडला तर केवढा गहजब होतो! विद्यार्थ्याच्या भत्त्यासहि पगाराइतकीच पक्की तारीख असावी.

कोणी म्हणतात, फुकटच्या पैशानें तरुण आळशी होतात. त्यांनीं श्रम करून शिकावें. श्रमाविषयीं आमचा वाद नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1947 सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढिलें, तें "कमवा व शिका" याच तत्त्वावर. पण तेथें काम करणाऱ्या मुलास निवारा व अन्न आधीं मिळे, हें विसरून चालणार नाहीं. उपाशी पोटीं श्रमहि होत नाहींत आणि अभ्यासहि होत नाहीं.

तथापि सर्व दोष सरकारावर टाकून आपण मोकळें होणें योग्य नव्हे. पुष्कळ अर्ज आमच्याच हयगयीनें अडतात. दाखल्यावर नांव एक, आधारपत्रावर दुसरें. खातें वडिलांच्या नांवाचें. उत्पन्नाचा दाखला जुना. असे प्रकार आम्ही नेहमीं पाहतों. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा अथवा मुलगी दहावींत असतांनाच जातीचा व रहिवासाचा दाखला काढून ठेवावा, उत्पन्नाचा दाखला अर्जाच्या वर्षीं नवा घ्यावा, मुलाच्या स्वतःच्या नांवानें खातें उघडून तें आधारशीं जोडावें, आणि सर्व कागदांवर नांव एकाच तऱ्हेनें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. महाडीबीटीवरील अर्ज शेवटच्या दिवसावर टाकूं नये. इतर समाजांसाठींहि निरनिराळ्या योजना आहेत. त्यांची चौकशी शाळेंत अवश्य करावी. शाळेकडूनहि एक गोष्ट व्हावयास हवी. आपला मुलगा बाहेरगांवीं गेल्यावर पहिले सहा महिने जेवतो कसा, हें विचारणारें कोणी तरी असलें पाहिजे. त्या एका मुलाच्या बाबतींत आम्हीं तें विचारिलें नाहीं, याची खंत आम्हांस आहे.

विद्यार्थिमित्रांनो, भत्ता ही भीक नव्हे. ती घेतांना मान खालीं घालूं नका. ज्यांस स्वतःस कधीं शिकावयास मिळालें नाहीं, अशा लाखों माणसांच्या करांचा पैसा त्यांत आहे. त्या माउलीनें हे पैसे कोणास परत करावयाचे, असें विचारलें होतें. तिच्या मुलावर कसलेंहि देणें नव्हतें. देणें होतें तें आम्हां सर्वांवर. परंतु ज्यांस भत्ता वेळीं मिळेल व ज्यांचें शिक्षण पुरें होईल, त्यांनीं तो प्रश्न जन्मभर जवळ बाळगावा, आणि आपल्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलाचा डबा बंद पडूं न देऊन त्याचें उत्तर द्यावें.