रस्ता आपलाही आहे : सायकलवरून राळेगणसिद्धी



गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने लायब्ररीतून एक पुस्तक आणले होते. त्यात फ्रान्स देशातल्या खेड्यापाड्यांतून सायकलने कसे हिंडावे याची माहिती होती. दोन्ही बाजूंना झाडे, कालव्याच्या काठाने जाणारी वाट, मोटारी नाहीत की हॉर्न नाही. फोटो पाहून ती म्हणाली, "पप्पा, असे रस्ते आपल्याकडे नाहीतच का?" मी म्हणालो, "आहेत, पण आपण ते कधी शोधले नाहीत." मग तिने विचारले, "का नाही शोधले?" या प्रश्नाचे उत्तर मला एकदम देता आले नाही. म्हणून यावेळचे सदर त्यावरच लिहीत आहे.

आधी फ्रान्सची गोष्ट सांगतो. सायकलवरून खेड्यात फिरायला जाणे हा तिकडेही श्रीमंतांचाच शौक होता. १९३६ च्या मे-जून महिन्यांत तिथल्या कामगारांनी मोठे संप केले, कारखान्यांत ठाण मांडले. लिऑं ब्लूम यांच्या सरकारने त्याच उन्हाळ्यात कायदे केले. त्यानुसार कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा आणि आठवड्याला चाळीस तास काम मिळाले. रेल्वेने सवलतीची तिकिटे दिली. ज्यांनी कारखाना आणि खोली यापलीकडे काही पाहिले नव्हते असे हजारो तरुण त्या उन्हाळ्यात सायकली घेऊन निघाले. नवरा-बायको एकाच दोन सीटच्या सायकलवर बसून निघाले. आज त्या देशात लुआर नदीच्या काठाने सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, पण त्याआधी कामगाराला रजा मिळावी लागली हे विसरता येत नाही.

आपल्या देशात हे काम कोणी केले? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा देणारी कायद्यातली दुरुस्ती १९४५ ची आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. रविवारी किंवा रजेच्या दिवशी आपण बायकामुलांसह बाहेर पडतो, तेव्हा तो मोकळा दिवस कोणाच्या मेहनतीने मिळाला हे मुलांना सांगावे.

पण रजा मिळाली तरी रस्ता मिळाला होता का? बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन घटना आपल्या बहुतेकांना ठाऊक आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला निघाला होता. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवान पायी चालला. पुढे १९२९ साली बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावला टांगेवाल्यांनी नाकारले. आपल्याच एका माणसाने सवय नसताना टांगा हाकला, तो नदीवरच्या पुलाशी उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या दोन्ही घटना आठवल्या की वाटते, सायकल ही आपल्या समाजाच्या दृष्टीने साधी वस्तू नाही. बैलगाडीला गाडीवान लागतो, टांग्याला टांगेवाला लागतो. सायकलला कोणाची विनवणी करावी लागत नाही. मा. कांशीराम साहेबांनी पुण्यात नोकरी करताना आंबेडकरी विचार आत्मसात केला आणि पुढे १९८३ साली आपल्या कार्यकर्त्यांना घेऊन उत्तर भारतात सायकलयात्रा काढली, ती याच कारणाने यशस्वी झाली. पेट्रोलला पैसे नव्हते, पण पायात बळ होते. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. त्यात दलित भगिनीही होत्या, खाणीत खडी फोडणाऱ्याही होत्या.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या वडिलांनी १९७० च्या सुमारास पुण्यात जुनी सायकल विकत घेतली आणि हौसेने गावी नेली. वेशीत शिरताना पारावर बसलेल्यांपैकी एकाने हटकले, "उतर खाली." वडील उतरले. आपल्या वस्तीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. नातीने फ्रान्सचे पुस्तक दाखवले तेव्हा ती त्यांच्या तोंडून निघाली. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही का उतरलात?" वडील काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाले, "हिला घेऊन जा एकदा."

म्हणून आम्ही बापलेक निघालो. शिरूरपर्यंत एसटीने गेलो. वाटेत भीमा कोरेगावचा जयस्तंभ दिसला तसे खिडकीतूनच वंदन केले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब इथे आले होते. शिरूरला माझ्या मेहुण्याच्या घरी मुक्काम केला आणि दोन साध्या सायकली त्यांच्याचकडून घेतल्या. गिअरची महागडी सायकल लागतेच असे नाही.

पुणे-नगर महामार्ग मुद्दाम टाळला. एका बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला सुप्याची, त्यामुळे ट्रक आणि कंटेनर यांची रीघ असते. आम्ही पहाटे शिरूरहून निघून निघोजच्या बाजूला वळलो. निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मधून कुकडी नदी वाहते. तिथे पाण्याने आणि गोट्यांनी घासून काळ्या खडकात रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत, ते मुलांना जरूर दाखवावेत. मात्र काठावर हात सोडू नये, कारण खळगे खोल आहेत आणि शेवाळावरून पाय घसरतो. निघोजहून पूर्वेकडे वळलो की गावागावांना जोडणारे बारके डांबरी रस्ते लागतात. बाजरीची रानं, कांद्याचे वाफे, एखादी दुधाची मोटारसायकल. अर्धा-अर्धा तास एकही ट्रक दिसला नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, पुस्तकातला रस्ता हाच." मी म्हणालो, "त्या पुस्तकात बाभळी नव्हत्या एवढाच फरक."

एका गावात (नाव लिहीत नाही) पाण्यासाठी थांबलो. पारावर पाच-सहा माणसे होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कुठलं पाव्हणं?" मी गाव सांगितले. मग ठरलेला प्रश्न आला, "आडनाव काय म्हणायचं?" माझ्या छातीत धस्स झाले. सोनई २०१३ सालचे आणि खर्डा २०१४ सालचे, ही दोन्ही गावे याच नगर जिल्ह्यातली. मी गप्प राहिलो. मुलीने मात्र सायकलचा हँडल न सोडता आडनाव सांगितले आणि जयभीम केला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते म्हातारे म्हणाले, "राळेगणला जायचंय नव्हं? मग सडकेनं नका जाऊ, उसाचे ट्रॅक्टर असत्यात. पुढं डाव्या हातानं जा, निवांत वाट हाय." आणि नातवाला हाक मारून तांब्याभर पाणी आणायला सांगितले. आम्ही प्यालो, आभार मानले आणि पुन्हा सायकलवर बसलो. वेशीतून बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघेही उतरलो नाही.

प्रत्येक गावात असेच होईल असे मी म्हणत नाही. पण त्या दिवसाची सगळ्यात चांगली वाट आम्हाला त्या पारावरच कळली, हेही खरे आहे.

राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातले अवर्षणग्रस्त गाव. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने इथे दारूबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान झाले. नाल्यांना बांध घातले, पाझर तलाव केले, विहिरींना पाणी आले. दलित कुटुंबांचे कर्ज फेडायला गाव पुढे आले, घरे बांधायला मदत झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याचबरोबर खाण्यापिण्याच्या बाबतीत इथल्या दलितांना गावाच्या शिस्तीपुढे मान तुकवावी लागली, असेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट शब्दांत उत्तर दिले होते. तेव्हा बांध जरूर पाहावेत, पाणी कसे अडवले ते मुलांना दाखवावे, आणि ते पाणी सर्वांना हक्काने मिळते की उपकार म्हणून, हा प्रश्नही मनात ठेवावा.

परतताना वाडेगव्हाणचा फाटा गाठला. राळेगणपासून तो पाचेक किलोमीटर आहे. तिथून शिरूरपर्यंत महामार्गाला पर्याय उरला नाही. तोच टप्पा सगळ्यात भीतीचा होता. आमच्या पुढे डबा अडकवलेले दोघे-तिघे कामगार पाळीवरून सायकलने परत चालले होते. आम्हाला शांत रस्ता निवडता येत होता, त्यांना पाळी सांगेल त्याच रस्त्याने रोज जावे लागते. त्यांच्यासाठी महामार्गालगत सायकलची वेगळी पट्टी असावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

ज्यांना कुटुंबासह निघायचे असेल त्यांनी थोड्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

वाट ओळखायला किलोमीटरचा दगड पाहावा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. नारिंगी दिसला की समजावे, इथे सायकल सुखाने चालेल. फ्रान्समध्येही हेच करतात. 'एन' अक्षराचे रस्ते टाळतात आणि 'डी' अक्षराचे जिल्हा रस्ते धरतात.

पहाटे निघावे, अकराच्या आत निम्म्याहून जास्त अंतर कापावे. पंप, पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब जवळ असावी. मागे लाल दिवा हवाच, कारण ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात चालतात आणि त्यांना मागे दिवा असेलच असे नाही. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे बांधून घ्यावेत. पाणी प्रत्येकाने स्वतःचे घ्यावे, पण वाटेत मागायला लाजू नये. मुलींना पुढे चालवावे, म्हणजे त्यांच्या वेगाने सगळे चालतात.

भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते हाही शब्द आहे. सार्वजनिक रस्त्याच्या वापराबाबत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. ते कलम वापरायला नेहमी कोर्टातच जावे लागते असे नाही. कधी कधी रविवारी सकाळी मुलीला बरोबर घेऊन सायकलवर बसले तरी ते वापरले जाते.

घरी आल्यावर वडिलांनी एकच विचारले, "उतरावं लागलं का कुठं?" मुलगी म्हणाली, "पंक्चर झालं तेव्हा उतरलो, आजोबा." वडील बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

जयभीम. जय बुद्ध.