करारावर बोट ठेवणारी बाई

तिकीटबारी

भाचीकडे आठवडाभर चेन्नईजवळच्या सिरुसेरीला जाऊन आले. आपल्याला चेन्नई म्हटलं की मरीना आठवतो, फार तर कोडंबाकमचे स्टुडिओ. आयटीतल्या पोरांचं चेन्नई मात्र ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर वसलेलं आहे. माधवरमहून थेट सिरुसेरीच्या सिपकॉटपर्यंत मेट्रो यायची आहे, तिच्या कामाची धूळ. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग आणि संध्याकाळी तीच रांग उलटी. भाचीच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दोनदा मराठी ऐकलं, एकदा तर खास नागपुरी.

मी पोचले त्या रात्री भाची फणफणलेली होती, तापाने नव्हे, रागाने. ताप महिन्याभरापूर्वीच येऊन गेला होता. तेव्हा घेतलेल्या रजेचे पैसे या महिन्याच्या पगारातून कापले होते. नोकरी सोडावी तर तीन महिन्यांची नोटीस. मी विचारलं, "हे आधी सांगितलं नव्हतं?" ती म्हणाली, "सगळं ऑफर लेटरमध्ये होतं गं मावशी. मी वाचलंच नाही, सही करून टाकली." आणि भांडलीस का, यावर उत्तर आलं, "एचआरशी कोण भांडणार?"

तेव्हा तिला भांडलेली एक नटी, शांता आपटे, सांगितली. नाव तिने ऐकलं नव्हतं. नयना आपटेंची आई म्हटल्यावर ओळख पटली, कारण नयनाताईंना तिने मालिकांमधून पाहिलं होतं.

शांताबाईंचा जन्म १९१६चा, सोलापूरकडच्या दुधनीचा. गाण्याचं शिक्षण पंढरपुरात. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये शाहू मोडकांबरोबर त्या पडद्यावर आल्या, मग 'प्रभात' फिल्म कंपनीत गेल्या. 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'गोपालकृष्ण'. तोवर पडद्यावरच्या गायिका गाणं आलं की खांबासारख्या उभ्या राहून गात. ही बाई डोळ्यांनी आणि हातांनीही गायची. १९३७चा 'कुंकू' तर विसरूच नये. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायचंच नाकारते. केशवराव दात्यांचा काकासाहेब समोर असताना त्या पोरीच्या मानेतला ताठा आजही बघावा. रडून सहानुभूती मिळवायचा सोपा रस्ता तिने घेतलेला नाही.

लोकांना मात्र शांताबाई आठवतात त्या दोन किश्शांमुळे. 'फिल्मइंडिया' मासिकाच्या बाबूराव पटेलांना त्यांनी कचेरीत जाऊन छडीने झोडपलं, हा एक. हा किस्सा मराठी माणूस डोळे मिचकावत सांगतो. दुसरा १९३९चा. 'प्रभात'शी करार आणि पगारावरून वाद झाला आणि त्या पुण्यातल्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. म्हणजे ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच्याच दारात. 'डोकं तापट होतं बाईचं' असं म्हणून दोन्ही किस्से एकाच कप्प्यात टाकले जातात.

मला हा कप्पा मान्य नाही. छडीचं सोडा, तिची बाजू मी घेणार नाही. पण उपोषण ही तापटपणाची गोष्ट नव्हेच. 'प्रभात'मध्ये नटनट्या महिन्याच्या पगारावर होत्या, कराराने बांधलेल्या होत्या. पोस्टरवर चेहरा झळकत असला तरी बाई नोकरदारच होती, आणि नोकरदाराने मालकाच्या दारात बसावं यात नखरा कसला? पुरुष कामगार गिरणीच्या फाटकावर बसला की तो लढा आणि नटी बसली की तमाशा, हा हिशेब तेव्हाच्या वृत्तपत्रांनी केला. आपण अजून तोच चालवतो.

शांताबाईंना हा हिशेब चांगला ठाऊक असावा. कारण पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. शीर्षकातच प्रश्न, तोही सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या तोंडचा. नटीच्या आठवणी म्हणून कुणी ते उघडेल तर फसेल. त्यात गॉसिप शोधून सापडत नाही. हा धंदा पैशावर कसा चालतो आणि त्यात राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतं, याचं ते पुस्तक आहे. फार वर्षांपूर्वी एका वाचनालयात बसून वाचलं होतं. चोविशीतल्या बाईने, कीर्तीच्या शिखरावर असताना असं लिहावं, याचं आजही नवल वाटतं.

आणि आता चेन्नई. 'प्रभात'मधून बाहेर पडल्यावर शांताबाई तमिळ सिनेमात गेल्या. वाय. व्ही. राव यांचा 'सावित्री', १९४१. नामभूमिकेत शांता आपटे आणि नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! त्या नारदाच्या मानधनातून तमिळमधलं 'कल्की' साप्ताहिक उभं राहिलं, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं. सावित्री कुठून आली होती, ते मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. या भूमिकेसाठी शांताबाई तमिळ शिकल्या. वर्षभर शिकत होत्या असं सांगतात.

आज हे चमत्कारासारखं वाटतं. नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या मुली तमिळ सिनेमात रांगेने गेल्या. 'कादलर दिनम्'मध्ये सोनाली बेंद्रे, 'अन्नियन'मध्ये रत्नागिरीची सदा. अशा नायिकांच्या तोंडचं तमिळ बहुधा दुसऱ्याच बाईचं असतं. सिमरन आणि ज्योतिका यांना आपला आवाज देणाऱ्या सविता रेड्डी रस्त्यात भेटल्या तर किती जण ओळखतील? हा दोष नट्यांचा नाही, धंद्याची सोय आहे. पण शांताबाईंनी आपला आवाज दुसऱ्याच्या हवाली केला नाही, फाटकाशीही नाही आणि परक्या भाषेतही नाही.

पुढचं आयुष्य तितकं झगझगीत नाही. लाहोरचा 'जमीनदार', नूरजहाँबरोबर 'दुहाई', मास्टर विनायकांचा 'सुभद्रा'. त्यात लता मंगेशकरही होत्या, तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. मग चित्रपट येत राहिले, पण 'कुंकू'ची उंची पुन्हा नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्या गेल्या, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

भाचीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, मला तमिळमध्ये 'अण्णा, रेंडु टी' एवढंच येतं. तीन वर्षं झाली इथे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफर लेटर घेऊन माझ्यासमोर बसली. सोळा पानं होती. आम्ही सातव्या पानापर्यंत पोचलो.

तिला 'जाऊ मी सिनेमात?' वाचायचं आहे. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी प्रत असेल तर कृपया कळवा. झेरॉक्सचा खर्च माझा.

— डोअरकीपर