चिलखतवाले संपले, आता बिनकाट्याच्या मोरीची पाळी?

डंक्लिओस्टियसचे व्हिडिओ हल्ली पोरं मोबाईलवर सारखी बघतात. बघू देत, प्राणी होताच तसा. डोक्यावर नि छातीवर हाडाच्या पत्र्यांचं चिलखत, दातांच्या जागी हाडाचीच धारदार पाती. अशा चिलखती माशांचं समुद्रात कोट्यवधी वर्षं राज्य होतं. सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वी ते सगळे संपले. तेव्हा समुद्रातला प्राणवायू घटल्याच्या खुणा खडकांत सापडतात. नेमक्या कारणावर शास्त्रज्ञ वाद घालोत, चिलखत कामाला आलं नाही एवढं नक्की.

त्या संकटातून तगले ते मोरी आणि पाकटांचे पूर्वज. ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो, "काटो नाय, पोरांका वाढ." डायनासोर गेले, हे राहिले. आणि आता आपल्या जाळ्यांपुढे हरतायत. 2021 साली आययूसीएनने सांगितलं की जगातल्या शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत, आणि मुख्य कारण अतिमासेमारी.

आपल्याकडचं उदाहरण करवत मासा. 2001 पासून तो वाघाच्या रांगेत, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कागदावर यापेक्षा जाड चिलखत नाही! पण तिशीच्या आतल्या किती खलाशांनी तो जिवंत पाहिलाय, बंदरावर विचारून बघा. ज्या करवतीने तो शिकार करतो, तीच जाळ्यात पहिली अडकते.

बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मोरी उशिरा वयात येते, मोजकीच पिल्लं देते. एक गाभण मोरी कापली की पुढची वीणही गेली. बाळंतिणीला मोरी खाऊ घालणारे आपण, ही मोरीसुद्धा बाळंतीण होती हे कधी लक्षात घेणार?

कुणी म्हणेल, हा मच्छीमाराच्या पोटावर पाय आहे. अजिबात नाही. रापणवाल्याने किंवा छोट्या होडीवाल्याने समुद्र रिकामा केलेला नाही. रात्री एलईडीचा झगमगाट करून लहान-मोठं सगळं उपसणारे वेगळे आहेत. केंद्राने 2017 सालीच एलईडी मासेमारीवर बंदी घातली. पर्ससीनवर 2016 पासून राज्याचे निर्बंध आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर 1987 चं. कायदे भरपूर आहेत हो! पण अंमलबजावणी म्हटली की गस्तीची बोट कुठे असते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

आणि पैसा कुठे जातो? तोंडवळी-वायंगणीत सी-वर्ल्डच्या घोषणा झाल्या. आता निवतीजवळ 'गुलदार' जहाज बुडवून पाण्याखाली पर्यटन. पर्यटनाला माझा विरोध नाही, त्यावर आमच्याच पोरांची पोटं आहेत. पण मासे दाखवायला कोटी आणि मासे राखायला चहापाण्याचे पैसे, हा हिशोब मला मान्य नाही. उद्या पर्यटकाला पाण्याखाली काय दाखवणार, गंजलेलं लोखंड?

माझ्या मागण्या साध्या आहेत. मालवण, सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ले, प्रत्येक बंदरात उतरणाऱ्या मोरी-पाकटांची जातवार नोंद करा. संरक्षित माशांचे फोटो आणि मालवणी नावं असलेला फलक लावा. जाळं फाडून असा मासा सोडणाऱ्याला 25 हजारांपर्यंत भरपाईची योजना 2018 पासून आहे, ती बंदरावरच्या प्रत्येकाला समजेल अशी सांगा नि पैसे वेळेत द्या. आणि एलईडीवाल्यांचे परवाने रद्द करा, दंडाची पावती त्यांना परवडते.

36 कोटी वर्षांपूर्वीच्या माशांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारता येतं. पुढच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत विचारा. तुमच्या बंदरात शेवटचा करवत मासा कधी दिसला, तेही कमेंटमध्ये लिहा. निदान तेवढी नोंद तरी आपली आपण ठेवू.