प्रवेश मिळाला, मग पुढे?

24 जून 2024 रोजी सायंकाळी पाच वाजता धनबादच्या आयआयटीतील जागा निश्चित करण्याची मुदत संपली. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाने ही जागा मिळविली होती आणि ती राखण्यासाठी त्याला 17,500 रुपये भरावयाचे होते. घरच्यांनी गावातून कसेबसे पैसे उभे केले. परंतु ते संगणकावरून भरता भरता पाच वाजून गेले आणि जागा गेली. पुढचे तीन महिने हे कुटुंब आयोग आणि न्यायालये यांचे उंबरे झिजवीत होते. अखेर 30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या 142 व्या अनुच्छेदाखालील विशेष अधिकार वापरून त्याला ती जागा देवविली.

निकालाचे सर्वत्र स्वागत झाले ते रास्तच होते. पण त्यातील एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिक्षण शुल्क माफ आहे. म्हणजे राखीव जागा होती, शुल्कमाफी होती, मुलाची बुद्धी आणि जिद्दही होती. नव्हती ती फक्त निवड झाल्यापासून सवलत हाती पडेपर्यंतच्या चार दिवसांची तरतूद. शिक्षणाचे टप्पे शासनाला दिसतात. परंतु एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये जो काळ जातो, त्या काळात विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, अडला तर कोणाला विचारतो, हे पाहणे कोणत्याच खात्याचे काम नाही. ते कुटुंबाचे काम मानले जाते. ज्या घरात अगोदर कोणी पदवीधर आहे तेथे ते निभून जाते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढत असते, तेथे आई-बापांजवळ देण्यासारखा आशीर्वादच तेवढा असतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती निराळी नाही. आपल्याकडच्या रकमा लहान असतात आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत पोचत नाहीत, एवढाच फरक. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात 18 ते 23 वयाच्या दर शंभर तरुणांमागे 28 जण उच्च शिक्षणात होते. महाराष्ट्रात हे प्रमाण 35 होते. या सातांच्या आघाडीबद्दल राज्यकर्ते स्वतःची पाठ थोपटून घेतात. परंतु ही मोजणी दाखल झालेल्यांची आहे. पहिल्या वर्षाला नाव घातलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसले, याचा हिशेब कोणा महाविद्यालयाने आपल्या दर्शनी फलकावर लावलेला आम्ही तरी पाहिलेला नाही.

धडगाव किंवा मेळघाटच्या आश्रमशाळेतून बारावी झालेल्या मुलीचा जुलै महिना कसा जातो ते पाहावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि वर जातवैधता प्रमाणपत्र. तहसील कचेरी, सेतू केंद्र आणि पडताळणी समिती यांच्यामधले अंतर मैलांत मोजले तर कमी वाटेल. बुडालेल्या मजुरीच्या दिवसांत मोजले म्हणजे त्याचा खरा अंदाज येतो. प्रवेशाच्या याद्या संगणकावर लागतात, दुरुस्तीची मुदत दोन-तीन दिवसांची असते, आणि गावात नेमकी त्याच वेळी वीज नसते. एवढे करून ती शहरात पोचते तेव्हा तिला कळते की वसतिगृहाची यादी अजून लागायची आहे. घरात भिली वा कोरकू बोललेली, शाळेत मराठी शिकलेली ही मुलगी आता तिसऱ्याच भाषेतले व्याख्यान उतरवून घेऊ लागते. तिला विषय अवघड जात नाही. विषयापर्यंत पोचण्याआधीच तिची शक्ती खर्ची पडते.

सवलती नाहीत असे कोणी म्हणणार नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या 'ईबीसी' सवलतीवर महाराष्ट्राची एक अख्खी पिढी शिकली. वसतिगृहात जागा न मिळणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना निघाली आणि तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हे सारे चांगलेच आहे. तथापि स्वाधारच्या रकमेला बाराने भागले की महिन्याला 5,000 रुपये येतात आणि त्यांत खोलीचे भाडे, खानावळ व पुस्तके बसवावयाची असतात. शिवाय ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही. वर्ष संपत आले तरी हप्ता पडला नाही, ही तक्रार दर साल ऐकू येते. खानावळवाला मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागतो, आणि तो तरी काय करणार? मुलींचे शुल्क माफ झाले, पण ज्या बापाने मुलीला शहरात ठेवण्याचा खर्च नको म्हणून गावातच थांबविले, त्याच्यापर्यंत ही माफी पोचतच नाही.

अडचणीचे खरे स्वरूप ओळखले होते ते आपल्याच पूर्वसूरींनी. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात पहिले बोर्डिंग काढले आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. फी माफ करून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला शहरात भाकरी आणि छप्पर मिळाले तरच शाळेचे दार त्याच्यासाठी उघडते, हे त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग घालून दिला. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची संस्था उभी केली, ती कोणते विद्यार्थी येणार आहेत हे ठरवून. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेस गेलेल्या या विद्यार्थ्याला अर्धपोटी अभ्यासाची किंमत कोणी शिकवावयास नको होती.

या वसतिगृहांत केवळ निवारा मिळत नव्हता. मागल्या वर्षी आलेला मुलगा यंदा आलेल्याला वाचनालय दाखवीत होता, अर्ज कसा लिहावा ते सांगत होता, नापास झालेल्याला घरी पळून जाऊ देत नव्हता. आज हे काम करावयाचे कोणी? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये नवागतांसाठी 'दीक्षारंभ' नावाचा कार्यक्रम आखून दिला. कल्पना उत्तम आहे. पण बहुतेक ठिकाणी तिचे रूपांतर दोन दिवसांच्या भाषणांत आणि छायाचित्रांत होते. विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा प्राध्यापक हा खरा आधार. आणि त्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे नेमली जातात. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेऊन पोट भरणारा, सुट्टीत बिनपगारी होणारा हा शिक्षक स्वतःच अधांतरी लोंबकळत असतो. त्याने विद्यार्थ्याला धीर कोणत्या तोंडाने द्यावा?

नव्या शैक्षणिक धोरणाने या प्रश्नावर एक चमत्कारिक तोड काढली आहे. एका वर्षानंतर शिक्षण सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर सोडले तर पदविका, आणि ठराविक मुदतीत परत येण्याची मुभा. मुभा असण्याला आमचा विरोध नाही. आजारपणामुळे वा बाळंतपणामुळे शिक्षण तुटलेल्यांना तिचा उपयोगही होईल. परंतु हौसेने बाहेर पडणारा आणि खानावळीचे पैसे थकल्यामुळे बाहेर पडणारा, हे दोघे एकाच रकान्यात बसवले की गळतीचा प्रश्न कागदावरून नाहीसा होतो. काल ज्याला आपण शिक्षण सुटलेला म्हणत होतो, त्याला उद्या प्रमाणपत्रधारक म्हणावे लागेल. तो परत आला की नाही, हे कोण पाहणार?

पदवी हाती आल्यावर दुसरी खिंड लागते, आणि ती पहिलीपेक्षा लांब आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत नोकरभरतीसाठी कंपन्या येतात. तालुक्याच्या कला महाविद्यालयात कोणी फिरकत नाही. मग तो पदवीधर पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेत येतो, खाटेपुरते भाडे देतो, अभ्यासिकेत एक खुर्ची घेतो आणि राज्यसेवेच्या जाहिरातीची वाट पाहू लागतो. या पेठांत खोल्या, खानावळी, अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग यांचा केवढा बाजार या वाट पाहण्यावर उभा आहे! पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, नियुक्ती, यांतल्या प्रत्येक टप्प्याला विलंब. मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखतीची वाट पाहत राहिलेल्या पुण्यातील एका तरुणाने 2021 मध्ये जीवन संपविले, तेव्हा विधिमंडळ चार दिवस हळहळले. 2024 मध्ये राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधरांना महिना 10,000 रुपये विद्यावेतन देऊ केले. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे वाढविण्यात आली. मुदत संपल्यावर मात्र तो तरुण होता तेथेच परत येतो, फक्त एका वर्षाने मोठा होऊन. ज्या शासनाच्या स्वतःच्या कचेऱ्यांत मंजूर पदे रिकामी आहेत, त्याने त्याच कचेऱ्यांत तात्पुरती माणसे विद्यावेतनावर बसवावीत, याला प्रशिक्षण म्हणणे आम्हांस अवघड वाटते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे आदेश दिले. समुपदेशक हवाच. मनाचे दुखणे हे खरे दुखणे आहे आणि आपल्या चळवळीतही त्याकडे दुर्बलता म्हणून पाहण्याची खोड आहे, ती सोडली पाहिजे. परंतु शिष्यवृत्ती न आल्याने ज्याचे ताट बंद झाले आहे, किंवा आडनावावरून ज्याला खोली नाकारली गेली आहे, त्याला समुपदेशकाच्या खोलीत बसवून भागणार नाही. त्याचे ताट सुरू झाले पाहिजे आणि खोली नाकारणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे.

शासनाकडे आमचे मागणे साधे आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या खिडकीवर एक रुपयाही मागू नये. संस्थेचे येणे शासनाने संस्थेशी परस्पर मिटवावे. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता महाविद्यालय सुरू होण्याच्या दिवशी खात्यात असावा आणि पुढचे दरमहा यावेत. पगारदारांना महिन्याच्या महिन्याला वेतन देणाऱ्या कोषागाराला हे अशक्य नाही. वसतिगृहे जिल्ह्याच्या ठिकाणी थांबू नयेत, तालुक्यापर्यंत यावीत, आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागा पूर्णवेळ भराव्यात. या मागण्यांसाठी मोर्चे निघतील, निघावेतच.

पण मोर्चाला दुसऱ्या कामाची जोड हवी, आणि येथे आमचा रोख आपल्या कार्यकर्त्यांवर आहे. आपली तालुका कार्यालये निवडणुकीच्या मोसमात गजबजतात आणि जूनमध्ये त्यांना कुलूप असते. जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करता येतो, हे कितीतरी पालकांना प्रवेशाच्या वेळी प्रथम कळते. मार्चमध्ये बारावीची परीक्षा संपताच दोन साथींनी गावोगाव जाऊन मुलांचे कागद तपासले तर जुलैतली निम्मी धावाधाव वाचेल. प्रवेशाच्या पंधरवड्यात कार्यालयात एक संगणक, एक माहितगार माणूस आणि पाच-पंचवीस हजारांचा फिरता निधी असावा. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने पैसे परत करावेत, म्हणजे ते पुढच्याला उपयोगी पडतील. पुण्या-मुंबईतल्या साथींनी आपापल्या तालुक्यातून आलेल्या नव्या मुलांची यादी ठेवावी, आणि पहिल्या सत्रात, विशेषतः दिवाळीच्या सुट्टीनंतर कोण परतले नाही ते पाहून त्याच्या घरी माणूस पाठवावा. शिक्षक साथींना सुट्टीत इंग्रजीचा महिनाभराचा वर्ग घेता येईल. यंदाच्या तालुका समित्यांच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि ज्या समित्या असे केंद्र चालवितील त्यांनी त्याचा जमाखर्च व आलेल्या अडचणी साप्ताहिकाकडे लिहून पाठवाव्यात. त्या आम्ही छापू.