गल्ल्यावरची पेटी

पुण्यातील एका नव्या धर्तीच्या उपाहारगृहात अलीकडे जाण्याचा योग आला. आत शिरल्यावर आपणच गल्ल्यापाशी रांगेत उभे राहावयाचे, भिंतीवरील फलक वाचून मागणी सांगावयाची, पैसे आधी मोजावयाचे, क्रमांकाची चिठ्ठी घेऊन कोठेतरी टेकावयाचे आणि पुकारा झाला की उठून आपला ट्रे आपणच आणावयाचा, अशी तेथील रीत. पाणीही आपले आपण भरून घ्यावयाचे. या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. सेवादलाच्या शिबिरांत ज्याने आपले ताट आपण धुतले आहे त्याला ते उचलून आणण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु पैसे देताना गल्ल्यावर ठेवलेली काचेची एक पेटी दिसली. तीवर इंग्रजीत ‘टिप्स’ असे लिहिलेले, शेजारी मोबाईलवरून पैसे पाठविण्याचा क्यूआर कोड, आणि आत दहा-वीसच्या काही नोटा. मी क्षणभर घोटाळलो. मला अद्याप कोणी काही वाढलेले नव्हते आणि पुढेही कोणी वाढणार नव्हते. मग हे बक्षीस कशाबद्दल?

शिक्षकी पेशाची खोड जात नाही. गल्ल्यावरच्या मुलीला मी विचारले, “यातले पैसे कोणाला मिळतात?” ती म्हणाली, “काका, महिन्याच्या शेवटी आम्हां काउंटरवाल्यांना वाटून देतात.” मागे एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा टेबलांवरची उष्टी भांडी टबात गोळा करून फडके मारीत होता. “आणि त्याला?” मी विचारले. “तो आमच्याकडचा नाही. ठेकेदाराचा आहे.”

या दोन वाक्यांमुळे हा लेख लिहावयास घेतला.

प्रथम या व्यवहाराची फोड करून पाहू. बक्षीस हे चांगल्या सेवेबद्दल असेल तर ते सेवा मिळाल्यावर द्यावयाचे असते. येथे ते पदार्थ हाती येण्यापूर्वीच मागितले जाते. सेवेचा मोबदला म्हणावे, तर वेटरचे काम गिऱ्हाईकच करीत आहे. म्हणजे मालकाच्या दोन-तीन वेटरांच्या पगाराची बचत झालेली आहे. ती कोठे गेली, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न. बंगळूरमध्ये १९८०च्या दशकात ‘दर्शिनी’ पद्धतीची उपाहारगृहे निघाली. कुपन आधी घ्यावयाचे, ते देऊन बशी घ्यावयाची आणि उभ्यानेच इडली-वडा खाऊन वाट धरावयाची. तेथे बचतीचा मोठा वाटा स्वस्त दराच्या रूपाने गिऱ्हाइकाकडे आला. मुंबईतील कित्येक उडुपी उपाहारगृहांतही ‘सेल्फ सर्व्हिस’चा दर बसून खाण्याच्या दराहून कमी असतो. अशा ठिकाणी कोणी बक्षीस मागत नाही आणि न देणाऱ्यास अपराधी वाटत नाही. मी गेलो तेथे मात्र कॉफी १८० रुपयांना होती. वेटर गेला, त्याचा दर राहिला, आणि वर पेटी आली.

आता पेटीतील पैशाचे पुढे काय होते ते पाहावे. समजा (आकडे केवळ हिशेबापुरते घेतो), दिवसाला ३०० गिऱ्हाइके आली आणि त्यांतील १०० जणांनी प्रत्येकी दहा रुपये टाकले, तर महिन्याला ३०,००० रुपये जमतात. पहिल्या महिन्यात ते कामगारांना मिळतात, हे खरे. परंतु पुढच्या वेळी नवी मुलगी कामावर घेताना मालक म्हणतो, “पगार इतका, आणि वर टिप मिळतेच.” ज्या पगाराला एरवी कोणी आले नसते त्या पगाराला आता माणूस मिळतो. पेटी कामगाराच्या नावाची राहते. तिचा लाभ हळूहळू मालकाच्या वेतनखर्चात जिरतो. यासाठी मालक लबाडच असावा लागतो असे नाही. पुण्यातील दुकानभाड्यांचे आकडे ऐकले की लहान मालकाची दयाही येते. तो जागेच्या मालकाकडून पिळला जातो आणि जो त्याच्याकडून पिळला जाऊ शकतो त्याला पिळतो.

आपल्या कामगार चळवळीचा इतिहास या दृष्टीने पाहिला की पेटीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. बोनसचेच घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला आणि मालकांनी कामगारांना बोनस देण्यास आरंभ केला. काही वर्षे तो मिळाला. १९२३चा बोनस मात्र मालकांनी नाकारला. १९२४च्या आरंभी गिरण्यांतून मोठा संप झाला. सरकारने सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोहोचत नाही. म्हणजे ती मालकाची खुशी! संप मोडला. परंतु कामगारांनी तो निर्णय मनाने स्वीकारला नाही. पुढची चाळीस वर्षे लढे, लवाद आणि न्यायाधिकरणे यांतून वाट काढीत १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि पुढे वेतनाच्या ८.३३ टक्के हा किमान बोनस ठरला. दुसरे उदाहरण ग्रॅच्युइटीचे. अमेरिकेत उपाहारगृहाच्या बिलावर हा शब्द छापलेला असतो तेव्हा त्याचा अर्थ बक्षीस असा असतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने त्याच शब्दाला निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या हक्काच्या रकमेचा अर्थ आला. मालकाच्या मर्जीची गोष्ट कामगाराच्या हक्काची करावयाची, या दिशेने दोन पिढ्या झगडल्या. गल्ल्यावरची पेटी नेमकी उलट दिशेने जाते. जे वेतन म्हणून द्यावयाचे त्याचा एक तुकडा तोडून ती तो गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडते.

ही पेटी आपल्याकडे ज्या अमेरिकेच्या अनुकरणाने आली तेथील इतिहासही उद्बोधक आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत हमाल-सेवक म्हणून गुलामीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय नेमले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या बक्षिसावर. प्रवासी त्या सर्वांना ‘जॉर्ज’ म्हणूनच हाका मारीत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन! १९२५ साली समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची संघटना बांधली. बक्षिसावरचे अवलंबन जावे आणि जगण्याइतके वेतन मिळावे यासाठी ती लढली. लाचारीने मिळणारे दोन पैसे जास्त, की स्वाभिमानाने मिळणारा पगार, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा होता आणि सगळ्यांचे उत्तर एकच नव्हते. १९३७ साली कंपनीला अखेर करार करावा लागला.

उपाहारगृहांतील कामगारांचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. १९६६च्या दुरुस्तीने अमेरिकेच्या कायद्यातच अशी तरतूद झाली की, बक्षीस मिळविणाऱ्या नोकराला किमान वेतनाहून कमी रोकड वेतन दिले तरी चालेल. उरलेले बक्षिसातून भरून निघाले म्हणजे झाले. संघराज्याच्या पातळीवर हे रोकड वेतन १९९१पासून ताशी २.१३ डॉलर आहे. तीन दशके उलटून गेली, आकडा हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत नाकारली आहे, हे नमूद केले पाहिजे.

गल्ल्यावर मागणी घेणाऱ्या नोकरांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना पुष्कळदा पूर्ण किमान वेतन मिळते. तरीही मुलाकडे गेलो असताना तेथील कॉफीच्या दुकानात मुलीने पैसे भरावयाचा पडदा माझ्याकडे वळविला तेव्हा त्यावर १८, २० आणि २५ टक्के असे तीन चौकोन होते आणि ‘काही नको’ हा पर्याय खाली बारीक अक्षरांत होता. मागे रांग, पुढे त्या मुलीची नजर. याला ऐच्छिक देणगी म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. मी २० टक्क्यांवर बोट ठेवले आणि दिवसभर स्वतःवर चिडलो. खुद्द या नोकरांची मागणी मात्र पडद्यावरच्या चौकोनांची नव्हती. २०१२च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील झटपट खाद्यगृहांचे कामगार संपावर गेले ते ताशी १५ डॉलर वेतनासाठी व संघटनेच्या हक्कासाठी. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४पासून मोठ्या साखळी खाद्यगृहांत ताशी २० डॉलर हे किमान वेतन लागू झाले, त्यामागे हा लढा आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्राप्तिकराच्या प्रकरणात निर्णय दिला की, गिऱ्हाइकाने दिलेली टिप मालकामार्फत वाटली गेली तरी ती पगार ठरत नाही. करापुरता तो निर्णय योग्यच असेल. पण कामगाराने त्यातला धडा घ्यावा. पगार नव्हे अशा रकमेवर भविष्यनिर्वाह निधी नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही. आजारी पडल्यास पेटी रजेचे पैसे देत नाही. बिलात परस्पर लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. ग्राहकाचे रक्षण झाले, उत्तम. वाटणीत कामगाराला काय मिळाले, हे मात्र त्या सगळ्या वादात कोणी फारसे विचारले नाही. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून तो १ ऑक्टोबर २०२४पासून अमलात आणला. टिपेची सर्व रक्कम कपातीविना कामगारांना मिळाली पाहिजे, वाटणी न्याय्य असली पाहिजे, तिचे धोरण लेखी असले पाहिजे आणि नोंद ठेवली पाहिजे. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांनाही त्यातून वगळलेले नाही.

त्या ठेकेदाराच्या मुलाकडे वळतो. गल्ल्यावरची मुलगी हसून बोलते. तिच्यासमोर पेटी असते. मोरीवर भांडी घासणारा, भट्टीपुढे घामाघूम होणारा आणि उष्टे उचलणारा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर पैसे देतेवेळी नसतो. कोणाचे उष्टे कोणी उचलावयाचे, हे आपल्या समाजात शतकानुशतके जातीने ठरविलेले आहे. त्यामुळे हे काम सर्वांत हलके, सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत आधी ठेक्यावर टाकण्याजोगे मानले जाते. बलुतेदाराला निदान सुगीच्या खळ्यावर आपला वाटा मागता येत असे. त्या वाट्याला जातीची बेडी होती, पण नाव हक्काचे होते. या मुलाला बेडीही आहे आणि वाटा नाही. १९५०च्या दशकात जॉर्ज फर्नांडिस मुंबईच्या हॉटेल कामगारांना संघटित करीत होते. उडुपी हॉटेलांतली कानडी पोरे दिवसभर कपबश्या विसळून रात्रशाळेत जात असत. त्या काळी पोऱ्याचा मालक कोण हे तरी पोऱ्याला ठाऊक असे.

माझ्या पत्नीचा आक्षेप येथे नोंदविला पाहिजे, कारण तो खोटा नाही. ती म्हणते, “तुमच्या तत्त्वाची किंमत ती मुलगी भरते. पगार वाढेल तेव्हा वाढेल. आज तिचे दहा रुपये गेले.” तत्त्वाच्या आडून कंजुषी करणारी मंडळी मी पाहिलेली आहेत, दोनशे रुपयांची कॉफी पिऊन ती ‘ही भांडवलशाही पद्धत आहे’ असे म्हणत पेटीपुढून निघून जातात. १९३६च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेल बार्सिलोनाला पोहोचला तेव्हा तेथे टिप देण्यास बंदी होती आणि उद्वाहकावरच्या मुलाला पैसे देऊ केल्याबद्दल त्याला हॉटेलच्या व्यवस्थापकाची बोलणी खावी लागली. पण तेथे पुष्कळशी उपाहारगृहे कामगारांनीच ताब्यात घेतली होती. आपण मालकी व वेतन जसेच्या तसे ठेवून केवळ टिपच बंद केली, तर ती क्रांती कामगाराच्या खिशातून होईल.

म्हणून माझे म्हणणे असे. स्वतःच मागणी सांगून स्वतःच ट्रे आणावयाच्या ठिकाणी गल्ल्यावर टिप देण्याचे कोणतेही बंधन गिऱ्हाइकावर नाही आणि त्याने संकोच बाळगू नये. पण ज्याने पेटीत पैसे टाकले नाहीत त्याने प्रश्न मात्र टाकावा: येथे किमान वेतन मिळते का, पेटीची वाटणी कशी होते, आणि ठेकेदाराची माणसे तीत आहेत का? नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली असून किमान वेतनाचे तत्त्व तिने सर्व कामगारांपर्यंत नेले आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. हॉटेल कामगारांत काम करणाऱ्या आपल्या साथींनी मागणीपत्रात दोन कलमे घालावीत: पेटीचा महिन्याचा हिशेब भिंतीवर लावावा आणि मोरीवरच्या माणसाचा वाटा गल्ल्यावरच्याइतकाच असावा. पगार ठरविताना पेटीचा उल्लेखही होता कामा नये.

हे होईपर्यंत मी काय करतो, असे कोणी विचारील. गल्ल्यावरची पेटी मी ओलांडून जातो. खाऊन झाले की ट्रे स्वतः टबापाशी नेऊन ठेवतो आणि तेथे फडके घेऊन उभा असेल त्याच्या हातात दहाची नोट देतो. या वागण्यात विसंगती आहे हे मला समजते. पत्नीला विसंगतीचे काही नाही. तिच्या मते नोट वीसची हवी.