समुद्रात प्रजाती किती? ‘नीट’साठी पाठ केलेल्या आकड्यामागचे गणित

अंदाज ५ लाखांपासून थेट १ कोटीपर्यंत. एवढा फरक का पडतो आणि त्याचा लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांशी काय संबंध?

‘नीट’ची तयारी करणाऱ्या लातूर आणि नांदेडच्या विद्यार्थ्यांना एक आकडा चांगलाच ओळखीचा असतो : ७० लाख. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात, जैवविविधतेच्या धड्यात हा आकडा येतो. पृथ्वीवर सुमारे ७० लाख प्रजाती असाव्यात, असा अंदाज शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी मांडला होता. बरोबर पर्याय निवडला की चार गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. हा आकडा आला कुठून, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. समुद्राच्या बाबतीत तर खरा प्रश्न तोच आहे.

नोंद किती प्रजातींची झाली?

जगभरातील सुमारे १२० वर्गीकरणतज्ज्ञांनी २०१२ मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. तोपर्यंत समुद्रातील सुमारे २ लाख २६ हजार प्रजातींना शास्त्रीय नाव मिळाले होते. यादी तपासताना जवळपास १ लाख ७० हजार नावे दुबार निघाली. एकाच विद्यार्थ्याचे नाव तीन क्लासच्या याद्यांत सापडावे, तसा हा प्रकार. एका छोट्या समुद्री गोगलगायीला तर वेगवेगळ्या संशोधकांनी मिळून ११३ नावे दिली होती.

न सापडलेल्यांचा अंदाज कसा बांधतात?

पहिली पद्धत नमुन्यांची. समजा, लातूर शहरात एकूण किती आडनावे आहेत हे शोधायचे आहे. पहिल्या वर्गाच्या हजेरीपटात बहुतेक आडनावे नवी मिळतील. दुसऱ्या वर्गात त्यातली काही पुन्हा येतील. विसाव्या वर्गात नवे आडनाव क्वचितच सापडेल. नवी नावे मिळण्याचा वेग कसा कमी होतो, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो.

फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मॅसिओलेक यांनी १९९२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील खोल समुद्रतळाच्या गाळाबाबत हेच केले. त्यांच्या २३३ नमुन्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे २१ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढे होते. त्यात ७९८ प्रजाती सापडल्या आणि पुढच्या नमुन्यांतही नव्यांची भर थांबत नव्हती. त्यावरून त्यांनी खोल समुद्रात १ कोटी प्रजाती असाव्यात, असा अंदाज मांडला.

रॉबर्ट मे यांना हे पटले नाही. नमुन्यांतील साधारण निम्म्याच प्रजाती विज्ञानाला नव्या असतील, तर एकूण संख्या माहीत असलेल्यांच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५ लाख धरावी, असे त्यांचे म्हणणे होते. नमुने तेच, पण उत्तरात वीसपट फरक.

दुसरी पद्धत आकृतिबंधाची. संघ, वर्ग, गण, कुल या वरच्या पायऱ्यांची संख्या बऱ्यापैकी माहीत आहे. तिच्या चढत्या क्रमावरून खालच्या पायरीवर किती प्रजाती असतील, हे कॅमिलो मोरा यांच्या चमूने २०११ मध्ये काढले. उत्तर आले पृथ्वीवर ८७ लाख, त्यापैकी समुद्रात २२ लाख.

तिसरी पद्धत तज्ज्ञांनाच विचारण्याची. २०१२ च्या अभ्यासात प्रत्येक गटाच्या जाणकारांचे अंदाजही विचारात घेण्यात आले. निष्कर्ष होता ७ ते १० लाख.

मग याचे महत्त्व काय?

मध्य हिंद महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर बहुधात्विक खनिज गोळ्यांचा शोध घेण्याचा करार भारताने २००२ मध्ये केला. या गोळ्यांमध्ये मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असते. २०२१ मध्ये केंद्राने ४ हजार ७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. त्यात खाणकामाचे तंत्रज्ञान आहे आणि खोल समुद्रातील जैवविविधतेचा अभ्यासही आहे.

या दोन कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. हे गोळे १० लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात आणि अनेक जीव त्यांनाच चिकटून जगतात. प्रशांत महासागरातील अशाच गोळ्यांच्या पट्ट्यात सुमारे ९० टक्के प्रजातींना अजून नावच नसल्याचे २०२३ च्या अभ्यासात दिसले. ज्याची नोंदच नाही, त्याचे नुकसान कोणत्याही अहवालात दिसणार नाही. म्हणून आधी मोजणी आणि मगच यंत्रे, असा क्रम हवा.

अडचण कुठे आहे?

जीव सापडतात, ते ओळखणारी माणसे कमी पडतात. ५८ ते ७२ हजार प्रजाती गोळा होऊन संग्रहांत पडून आहेत, त्यांचे वर्णन झालेले नाही, असे २०१२ चाच अभ्यास सांगतो.

लातूर पॅटर्नची गोष्ट इथे येते. ‘नीट’ला देशभरातून २० लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. उरलेल्यांनीही प्राण्यांचे संघ आणि त्यांची लक्षणे तोंडपाठ केलेली असतात. निकालानंतर बहुतेकांची ही शिदोरी वाया जाते. वर्गीकरणशास्त्र हेही करिअर आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, हे त्यांना क्लासमध्येच सांगायला हवे.

समुद्र दूर असला तरी सुरुवात घराजवळ करता येते. लातूरची मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांनी नदीकाठच्या गाळाचे दहा-वीस नमुने घ्यावेत, त्यातील जीव ओळखावेत आणि नव्यांची भर किती वेगाने घटते याचा आलेख काढावा. त्यासाठी चाळणी, भिंग आणि जाणकार शिक्षक पुरे. ७० लाखांचा आकडा पाठ करणाऱ्याला तो कसा निघतो हेही कळेल आणि त्यांच्यातूनच उद्याचे मोजणारे तयार होतील.